राखणदार आणि वॉचमन: भांडुप–कुडाळ पोथीच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवतेय, नाहीतर शेवटी सगळं आठवून लिहिताना आपण आपल्याला शहाणं करून घेतो.

मी भांडुपला चित्रकला शिकवते. माहेर कुडाळ तालुक्यातलं. गावच्या हायस्कुलातल्या एका सरांशी गणपतीत बोलणं झालं आणि त्यातून हे निघालं. इकडची १३ मुलं, तिकडची ११, वयं १४ ते १८. दोघांनी मिळून एक गोष्ट रचायची, तिची चित्रं काढायची आणि दोन्हीकडे लोकांसमोर सांगायची. आकार पिंगुळीच्या चित्रकथीच्या (चित्रं दाखवत कथा सांगायची तिथली जुनी कला) पोथीवरून घेतलाय. तिथे सुटी पानं असतात आणि प्रत्येक पानाला पाठपोट दोन चित्रं चिकटवलेली असतात. आमच्या पानाची एक बाजू गावाने काढायची, दुसरी भांडुपने. एकाने काम केलं नाही तर दुसऱ्याचंही पान अर्धंच राहणार. एवढीच काय ती माझी युक्ती.

आमच्या १३ मधल्या ९ जणांचं गाव कोकणातच आहे. पण गाव म्हणजे गणपतीचे पाच दिवस आणि मे महिन्यातले आंबे. तिथल्या आपल्याच वयाच्या मुलांशी ओळख म्हणाल तर क्रिकेटपुरती.

पैसे: मी आणि दोन मैत्रिणी मिळून ₹२०,०००. मुदत: तीन महिने. तीन महिन्यांत नक्की होईल असं मी सगळ्यांना सांगून टाकलंय. (हे वाक्य नंतर खोडायचा मोह झाला. राहू दे.)

१९ ऑक्टोबर

पहिला व्हिडिओ कॉल. पूर्ण फसला.

इकडे एका लॅपटॉपभोवती १३ डोकी, तिकडे सरांच्या मोबाइलसमोर ११. बाहेर परतीचा पाऊस. ४० मिनिटांतली निम्म्याहून जास्त ‘आवाज येतोय का’ यातच गेली. ते चाललं असतं. पण तिकडची एक मुलगी म्हणाली, “आमका काय आयकाक येणा नाय,” आणि आमची मुलं हसली. ज्यांच्या घरी आजी रोज असंच बोलते ती सगळ्यात आधी हसली.

त्यानंतर गावाकडून जे आलं ते पुस्तकातलं मराठी. “माझे नाव अमुक आहे. मी इयत्ता नववीत शिकते.” एकेकाने उठून सांगितलं आणि खाली बसले. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांसमोर उभं राहावं तसं.

माझी चूक त्याहून मोठी. कॅमेरा चालू असतानाच मी आमच्या मुलांना झापलं. त्यामुळे जिच्यावर हसले तिला ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. सरांनी संध्याकाळी फोन करून सांगितलं, तिघी जणी ‘नको’ म्हणतायत.

२७ ऑक्टोबर

व्हिडिओ बंद. आता फक्त व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायचा, एका वेळी एक मिनिट. लिहायचं नाही, कारण लिहिलं की दोन्हीकडे शाळा सुरू होते. तिकडच्या बहुतेक मुलींकडे स्वतःचा फोन नाही. आईचा फोन संध्याकाळी कामं आटपल्यावर मिळतो, म्हणून उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. मला आधी हा खोळंबा वाटला. पण एक दिवस मध्ये गेल्यामुळे इकडची मुलं पाठवलेलं पुन्हा ऐकतात, आणि ‘आयकाक’ला कोणी हसेनासं झालंय. तीन फोनांना प्रत्येकी ₹२९९चं रिचार्ज मारलं. ‘नको’ म्हणणाऱ्या तिघींपैकी दोघी परत आल्या. तिसरी आली नाही, तिच्या जागी तिची धाकटी बहीण आली.

चित्रांचं पहिलं काम दिलं होतं: ‘गाव’. दोन्हीकडची मिळून २४ चित्रं टेबलावर मांडली. त्यातल्या १७ चित्रांत तीच झोपडी. मागे दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, कडेला माड. आमच्या मुलांनी काढली ते एक वेळ समजतं. पण तिकडचीही? ती मुलं चिऱ्याच्या, कौलारू किंवा स्लॅबच्या घरात राहतात. आमच्या एकीने विचारलं, या झोपडीत कोण राहतं? दोन दिवसांनी उत्तर आलं, “कोणच नाय. सरांनी शिकवल्यानी.”

सरांनी शिकवली तशी मीही शिकवते, १४ वर्षं. एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेच्या स्मरणचित्राला ती झोपडी मार्क मिळवून देते.

नवं काम: आपल्या दारात उभं राहायचं आणि समोर दिसतं तेवढंच काढायचं. सूर्याला बंदी. यावेळी गोठ्यात लावलेली स्कूटर आली, दोरीवरचे कपडे आले, भांडुपच्या चाळीतल्या गॅलरीतले पाण्याचे निळे ड्रम आले. एका चित्रात समोरच्या घराचं फक्त कुलूप होतं. गावाकडून आलेलं.

स्पीड पोस्टचं एक पार्सल पोचायला सहा दिवस लागले आणि कोपरे दुमडून आलं. पुढचं पार्सल लक्झरी बसने. रात्री ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, सकाळी कुडाळला कोणीतरी उभं राहायचं. ₹१००.

९ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी. तिकडच्या ११ जणांना घेऊन पिंगुळीला गेले. आमच्या गावापासून रिक्षाने अर्धा तास. एकानेही चित्रकथी आधी पाहिलेली नव्हती. दशावतार मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पिंगुळीचं नाव पेपरात आलं होतं. त्यांच्या घरच्या गोठ्यातच ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभं राहिलंय. तिथे पोथ्या आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत आणि पडद्यामागून सावली पाडायच्या चामड्याच्या बाहुल्याही. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ठाकर मंडळी देवळांतून रामायण-महाभारतातल्या कथा सांगत. समोर चित्र धरायचं, साथीला वीणा, हुडुक आणि टाळ. मुलांना हे सगळं मी वाचून सांगितलं असतं तर जांभया आल्या असत्या. बाहुलीची दोरी हातात मिळाल्यावर दोन तास कोणी हललं नाही.

तिथल्या एका कलाकाराला दोन दिवस शाळेत बोलावलं. त्यातल्या उपयोगी पडलेल्या गोष्टी: रेघ जाड हवी. डोळा मोठा हवा. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ‘हा कोण’ ते कळलं पाहिजे. आणि पान बदलताना गाणं थांबवायचं नाही, टाळ चालू असतानाच पान बदलायचं.

मानधन ₹६,०००. माझ्या अंदाजपत्रकात या रकान्यात शून्य होतं. ‘आपलीच माणसं, येतील’ असं धरलेलं. मामेभाऊ म्हणाला, “सुताराला दोन दिवस बोलावलं असतंस तर शून्य लिहिलं असतंस?” हा प्रकार करून बघणाऱ्यांनी मानधनाचा रकाना आधी भरावा, कागदाचा नंतर.

एक गोष्ट ठरली. आपण जे करतोय त्याला चित्रकथी म्हणायचं नाही. ती ठाकरांची पिढीजात विद्या आहे, दोन दिवसांच्या शिबिरात ती आपली होत नाही. आपण फक्त पाठपोट पान उसनं घेतलंय, आणि तसं दर वेळी सुरुवातीला सांगायचं. आम्ही नुसतं ‘पोथी’ म्हणतो.

२४ नोव्हेंबर

विधानसभेच्या निवडणुकीत दोन आठवडे गेले. सर निवडणूक ड्युटीवर, शाळेत मतदान केंद्र. २० तारखेला मतदान झालं आणि आता कुठे वर्ग परत मिळाले. तारखा ठरवताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण आजची नोंद कागदाची आहे.

आलेल्या चित्रांतली आठ पानं मी घरी ओट्यावर चिकटवली. इकडचा कागद कार्ट्रिज, तिकडचा शाळेतला ड्रॉइंग पेपर. मध्ये पांढरा गोंद. पंख्याखाली वाळत घातली. सकाळी उठून बघते तर पापड! सहा पानं इतकी वाकली की सरळ करायला गेले तर रंगाला तडे गेले. सहा पानं म्हणजे १२ चित्रं. म्हणजे १२ मुलांचा प्रत्येकी दोन-तीन दिवसांचा वेळ.

शाळेजवळ एक म्हातारे बाइंडर आहेत. त्यांना पानं दाखवली. त्यांनी दहा मिनिटांत माझ्या चार चुका काढल्या. एक, दोन जातींचे कागद ओले झाल्यावर सारखे फुगत नाहीत. दोन, कागदाला ग्रेन असते, एका बाजूने सहज वळतो, दुसऱ्या बाजूने अडतो. दोन्ही कागदांची ग्रेन एकाच दिशेला पाहिजे. तीन, गोंद एकाच कागदाला लावला. चार, पंखा. “पान वजनाखाली वाळवतात, वाऱ्यावर नाही.”

आता असं: दोन्हीकडे एकच कागद, २२ × ३० इंची ताव, एकाच दुकानातून एकदम २० ताव (₹१,४००). एका तावाचे चार तुकडे, ११ × १५ इंच. कापतानाच प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने ग्रेनचा बाण. मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून खळ मीच करते, मुलांच्या हाती देत नाही. दोन्ही कागदांना खळ लावायची, मधून बाहेर कापडाने दाबत जायचं, वर-खाली कोरा कागद आणि दोन दिवस दाब. आणि आधी दोन कोरे तुकडे चिकटवून बघायचे. हे मी पहिल्या दिवशी केलं असतं तर ही नोंदच लिहावी लागली नसती.

चित्रं गेली हे मुलांना सांगणं कठीण होतं. तिकडच्या एका मुलाने विचारलं, फाटलेलं का होईना, माझं चित्र परत मिळेल का? मी ते कचऱ्यात टाकलं होतं. त्याला तसंच सांगितलं. चार दिवस त्याचा आवाज आला नाही.

आजच २३ जानेवारीच्या रात्रीची कोकणकन्या आरक्षित केली. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. प्रजासत्ताक दिन शनिवार-रविवारातच आलाय, म्हणून सकाळी आठच्या ठोक्याला बसले आणि १६ पैकी १४ कन्फर्म मिळाली.

८ डिसेंबर

चित्रांचा हात बसला, पण गोष्टच नाही. दोन्हीकडून ३१ व्हॉइस नोट गोळा झाल्या. आजोबांच्या, विहिरीच्या, बंद पडलेल्या लिफ्टच्या, रात्री ओहोळावर दिसलेल्या दिव्याच्या. त्या सगळ्यांतून मी एक कथा विणली. एक शहरातली मुलगी, एक गावातली, दोघी एकमेकींना पत्रं लिहितात. वाचून दाखवली. सगळे गप्प. शेवटी अकरावीतला एक जण म्हणाला, “बाई, धड्यासारखं वाटतंय. खाली स्वाध्याय आहे का?”

खरंच होतं. वही मिटली.

गोष्ट सापडली ती अशी. तिकडच्या एकीने राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या दैवताची, नोट पाठवली होती. गावाच्या शिवेवर तो रात्री फिरतो. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायात वहाणा. फिरून फिरून त्या झिजतात. (वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला लोक मोठमोठ्या चपला वाहतात त्या याच समजुतीने.) आमच्या एकीने लगेच विचारलं, “म्हणजे तुमचा वॉचमन?”

पलीकडून आलेल्या नोटमध्ये सहा सेकंद नुसतं हसणं आहे. मग कोणाचा तरी आवाज: “होय गो, वॉचमनच!”

तिथून पुढे माझं काहीच काम उरलं नाही. राखणदाराची वहाण तुटते. शिवणारा पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेला. राखणदार रात्रीच्या गाडीने त्याला शोधत मुंबईत येतो. टॉवरच्या गेटवर वॉचमन अडवतो: रजिस्टरमध्ये नाव लिहा, कोणाकडे जायचंय ते लिहा, मोबाइल नंबर लिहा. राखणदाराला नावच नाही.

१५ डिसेंबर

गावाकडून प्रश्न आला: “वॉचमन रातीचो काय खाता?”

त्यांना चित्र काढायचं होतं, म्हणून विचारलं. आमच्या बारा जणांना माहीत नव्हतं. कोणी म्हणालं वडापाव, कोणी म्हणालं काहीच नाही. तेरावा मुलगा आतापर्यंत फक्त समास आखून द्यायचा, चित्र काढतच नव्हता. त्याने रात्री चार नोटा पाठवल्या, नऊ मिनिटांच्या. एक मिनिटाचा नियम मोडला.

डबा साडेअकराला उघडतात, त्याआधी नाही, नाहीतर पहाटे भूक लागते. तीन वाजता चहा, थर्मासमधला. खुर्चीचा एक पाय मोडलेला आहे, तो सुतळीने बांधलाय. मोबाइल ऐकायचा तर एकाच कानात, दुसरा गेटकडे. बूट काढायचे नाहीत. बूट काढलेले दिसले की ‘झोपला होता’ अशी तक्रार जाते.

त्याचे वडील. वर्गात तो तीन वर्षं आहे, कोणाला माहीत नव्हतं. माझ्या रजिस्टरमध्ये ‘नोकरी’ एवढंच. मी काही बोलले नाही, मुलंही बोलली नाहीत. फक्त पुढच्या रविवारी समास आखायचं काम दुसऱ्याने उचललं.

२२ डिसेंबर

गावातल्या एका वयस्कर मानकऱ्यांनी चित्रं पाहिली. पाच चित्रांत राखणदाराला चेहरा होता, झुपकेदार मिशा वगैरे, थोडा फौजदारासारखा. ते रागावले नाहीत. म्हणाले, “राखणदाराक तोंड काढूचा नसता.” आणि निघून गेले.

भांडुपला वाद. एक म्हणे अंधश्रद्धा. एक म्हणे, मग प्रकल्प बंद करा. माझ्याही जिभेवर कलावंताच्या स्वातंत्र्याचं काहीतरी आलं होतं, पण गिळलं. मी इकडे बसलेय, त्या शिवेवरून रोज शाळेत जायचंय ते त्या मुलांना. त्यांना विचारल्यावर कळलं, काढताना तिघांना तसंही बरं वाटत नव्हतं. एकाने तर मुद्दाम पाठमोरा काढला होता, आणि मी त्याला ‘चेहरा दिसू दे रे’ असा निरोप पाठवला होता.

तोडगा तिकडूनच आला: फक्त वहाणा, काठीचं टोक आणि घोंगडीची कड. मग समास आखणारा आमचा मुलगा म्हणाला, तर वॉचमनचेही बूटच दाखवू. आता सगळी पोथी गुडघ्याच्या खालची आहे. गाडीतले प्रवासी म्हणजे चपला, बॅगा, एक लोंबकळणारा लहान पाय. लिफ्टसमोर उभे असलेले सगळे बूट. हे मला सुचलं नसतं, आणि हातपाय नीट न येणाऱ्या मुलांची चेहऱ्यांतून सुटका झाली हा वरचा फायदा.

पाच चित्रं पुन्हा. आणखी दोन आठवडे गेले. ठरलेली २४ पानं आता १३ वर आणली.

२४ जानेवारी २०२५

ठाण्याहून १३ मुलं आणि तीन मोठे. सकाळी कुडाळ, पुढे टेम्पो. पहिला तासभर दोन्ही बाजू भिंतीला टेकून उभ्या. आवाज तीन महिने ओळखीचा, तोंडं नवी. मग एकीने डोळे मिटून सांगितलं, “तू बोल, मी ओळखते कोण ते.” खेळ सुरू झाला. माझ्या ‘परिचय सत्रा’च्या चिठ्ठ्या पिशवीतच राहिल्या.

२५ जानेवारी

दिवसभर रंग. तिकडच्यांनी चिऱ्याची लाल माती कुटून, पाण्यात कालवून, वरचं निवळलेलं पाणी काढून टाकून खालचा गाळ वाळवला होता. त्यात बाभळीचा डिंक. गावाची जमीन आणि भांडुपच्या टेकडीची जमीन, दोन्ही त्याच लालने रंगवल्या. पहिला घाणा डिंक कमी पडल्यामुळे बोटाला पुसून येत होता. दुसरा जमला.

दाबायला बोर्ड होते, वजन नव्हतं. कोणीतरी चिरे सुचवले. एका पानाच्या थप्पीवर चार चिरे. एक मी एकटीने उचलायला गेले आणि दोन दिवस कंबर धरून फिरले. पानं मात्र एकदम सपाट.

रात्री आमच्यातले दोघे अंधाराला घाबरले, आणि संडासला जाताना सोबत मागितली ती कॉलवर ज्यांना हसले होते त्यांच्याकडेच.

२६ जानेवारी

देवळाच्या सभामंडपात रात्री आठला पोथी. साठेक माणसं. सुरुवात देवाला घालायच्या गाऱ्हाण्याने, तिकडच्या दहावीतल्या मुलाने म्हटलं. दर ओळीला सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आमची मुलं प्रत्येक वेळी अर्धा सेकंद मागे. लोक खूश.

काय चुकलं ते: ट्यूबलाइटची तिरीप पानावर पडून डावीकडच्यांना काहीच दिसलं नाही. गावाने आपल्या बाजूला १ ते १३ आकडे घातले, भांडुपनेही आपल्या बाजूला १ ते १३. त्यामुळे सातव्यानंतर कुठलं पान आधी यावर पडद्यामागे कुजबुज. नववं पान उलटं धरलं गेलं, वहाणा आभाळात. आता दोन्ही बाजूंना मिळून सलग आकडे, वरच्या उजव्या कोपऱ्यात. दिवा बाजूने, पिवळा.

आणि शेवट. आम्ही तो मोकळा सोडला होता. राखणदार गेटवर उभा, वॉचमन पेन धरून, संपलं. आम्हाला ते फार भारी वाटलं होतं. लोक उठेचनात. पुढच्या रांगेतल्या एका आजीने विचारलं, “व्हाण शिवून झाली काय नाय?”

कोणाला काही सुचेना. मग गाऱ्हाणं म्हणणारा मुलगा पुढे झाला आणि तिथल्या तिथे सांगत सुटला: वॉचमनने केबिनमधली आपली जुनी चप्पल काढून दिली. बुटांऐवजी ती तशीही घरी जाताना घालायला ठेवलेली. राखणदार ती घालून परत आला. म्हणून आता शिवेवर एका पायाचा आवाज वेगळा येतो.

आजी उठली. मग बाकीचे.

चौदावं पान त्यानंतर काढलं.

२ मार्च

हिशोब. कागद ₹१,७०० (वाया गेलेला धरून). रंग-ब्रश-डिंक ₹१,८५०. खळ, मोरचूद, बोर्ड ₹४२०. पार्सलं ₹८१०. मानधन ₹६,०००. रेल्वे ₹११,२००. टेम्पो-रिक्षा ₹२,४००. तीन दिवसांचं जेवण ₹७,३००, तेही तिकडच्या आयांनी फक्त सामानाचे पैसे घेतले म्हणून. रिचार्ज ₹८९७. एकूण ₹३२,५७७. ठरवले होते वीस हजार. वरचे साडेबारा हजार माझ्या दिवाळीच्या बोनसमधून आणि एका मैत्रिणीच्या नवऱ्याच्या नाराजीतून आले.

या हिशोबात एक खोट आहे ती पैशाची नाही. तिकडच्या मुलीने नोट पाठवली: “आमी कधी येवचा मुंबयक?” आम्ही त्यांच्या देवळात बसलो, त्यांच्या घरी जेवलो, परत आलो. त्यांच्या तिकिटाचा रकाना मी घातलाच नव्हता. ‘गावाकडे जाणं’ हेच मला देवाणघेवाण वाटलं होतं.

गावच्या मुंबई मंडळाकडे गेले. दोन बैठका, तीन चहा, ₹१२,००० मिळाले. अट एकच, मंडळाचा बॅनर. बॅनर पोथीच्या चौपट मोठा आहे.

३ ते ५ मे

परीक्षा संपल्यावर तिकडून सहा जण आले, सोबत सर आणि एक आई. बाकी पाच आले नाहीत. तिघींना घरून परवानगी नाही, एकाला आंब्याच्या बागेत काम, आणि एक तोच, ज्याचं फाटकं चित्र मी टाकलं होतं. त्याला मी स्वतः फोन केला. म्हणाला, “पुढच्या टायमाक.”

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये खेळ. बॅनरसकट. नीट झाला, उलटं पान नाही, ‘होय म्हाराजा’ वेळेवर. लिहिण्यासारखं फार काही नाही.

रविवारी रात्री दुसरा खेळ झाला तो ठरलेला नव्हता. आमच्या मुलाच्या वडिलांची रात्रपाळी, त्यामुळे शनिवारी ते येऊ शकले नाहीत. मुलांनी आपसांत ठरवलं आणि मला शेवटी सांगितलं. दहा वाजता टॉवरच्या गेटवर, केबिनच्या बाजूला. प्रेक्षक तीन वॉचमन, एक दूधवाल्याचा पोऱ्या आणि दोन कुत्री. गेटचाच पिवळा दिवा, बाजूने येणारा. हवा होता तसा.

पान ११ आलं, सुतळीने बांधलेल्या खुर्चीचं. वडिलांनी आपल्या खुर्चीकडे बघितलं, मग मुलाकडे. नंतर विचारलं, सुतळीची गाठ डावीकडे आहे, तुम्ही उजवीकडे का काढली?

वीस मिनिटांनी सोसायटीचे एक पदाधिकारी खाली आले आणि बंद करायला सांगितलं. तेरावं पान व्हायचं होतं. गाडी आत घ्यायची होती, गेट उघडावं लागलं. चौदावं पान तिघांना रस्त्यापलीकडे पानटपरीच्या उजेडात दाखवलं. एकेक जण येऊन बघून गेला, कारण गेट मोकळं सोडता येत नाही.

ज्यांना असं काही करायचंय त्यांनी परवानगी आधी घ्यावी. आम्ही घेतली नव्हती आणि बोलणी वडिलांना बसली.

१८ मे

पोथी कोणाकडे राहणार यावर आठवडाभर नोटा चालू होत्या. वाटून घ्या म्हणाल तर पान सोलावं लागेल. स्कॅन करून दोन प्रती काढू म्हणाले, तर दोन्हीकडून नको. शेवटी ठरलं: शिमग्यापासून गणपतीपर्यंत गावात, गणपतीला आलेल्या मुलांनी भांडुपला आणायची, शिमग्याला परत न्यायची. यंदाचा शिमगा तर मार्चमध्येच होऊन गेला, म्हणून आता लगेच पाठवायची. वाटेत पान खराब झालं तर ज्याच्या ताब्यात असेल त्याने दोन्ही बाजू पुन्हा काढायच्या. गाठ डावीकडे करून अकरावं पान पुन्हा केलंय.

प्लायवुडच्या दोन फळ्या, मध्ये १४ पानं, कडुनिंबाचा पाला, वरून प्लास्टिक आणि सुतळी. काल रात्री लक्झरीच्या ड्रायव्हरकडे दिली. त्याने हातात तोलून बघितली आणि विचारलं, “काजू आसत काय ओ?” मी म्हटलं, काजू मुंबईहून गावाला कोण पाठवतं? तरी त्याने ती सीटखाली न टाकता केबिनमध्ये आपल्या पायाशी ठेवली.